पोळ्याची तयारी करताना डोळा सांभाळा



पोळा जवळ आला, की आपल्या सोनपेठ भागात बैलांची शिंगं साळायची, रंगवायची घाई सुरू होते. नेमक्या याच वेळी बैल मान झटकतो आणि शिंग धन्याच्या डोळ्याखाली बसतं. आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याला असाच मार लागला. डोळा सुजला, पण दिसत होतं, म्हणून तो घरीच थांबला. सूज ओसरली आणि औताला गेला, तर एका तासाचे दोन तास दिसू लागले! डॉक्टर म्हणाले, "लवकर यायला पाहिजे होतं."

असं का झालं? डोळा ज्या खोबणीत असतो ती सात हाडांची बनलेली आहे. कपाळ आणि गालाकडची तिची कड चौकटीसारखी भक्कम असते. पण नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ, आणि तळही पातळच. तळाखाली गालाच्या हाडात हवेची पोकळी असते, जसं अंगणाखाली पेव. मार बसला की तळ फुटून पेवात खचतो. डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकला, की एकाचे दोन दिसतात.

खुणा ओळखा : एकाचे दोन दिसणं, डोळा वर न फिरणं, डोळा खोल गेल्यासारखा वाटणं, गाल, वरचा ओठ किंवा वरचे दात बधिर होणं. लहान मुलांत वरून सूज फारशी दिसत नाही, पण वर बघताना दुखतं, मळमळतं, उलट्या होतात. अशा मुलाला त्याच दिवशी न्या.

नजर कमी झाली, डोळा बाहेर आला किंवा मार लागलेला माणूस बेशुद्ध पडला, तर एक तासही दवडू नका. 108 ला फोन करा.

काय करावं : डोक्याखाली उशी देऊन बसतं निजवावं. डोळ्यावर दाब न येईल अशी स्वच्छ वाटी कडेवर टेकवून पट्टीनं धरावी. सोनपेठच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं. तिथून परभणीला किंवा अंबाजोगाईला पाठवलं तर टाळू नये. हाड मोडलं की नाही हे सीटी स्कॅनमध्ये नीट कळतं. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. पण लागणार असेल तर मोठ्या माणसाचं बहुधा दोन आठवड्यांच्या आत करतात. उशीर झाला की हाड वाकडं जुळतं.

काय करू नये : डोळा चोळू-दाबू नये. हळद, मध, कांद्याचा रस घालू नये. नाक शिंकरू नये. नाकातली हवा फटीतून डोळ्याभोवती शिरते.

आणि मुळात, शिंगं साळताना बैल आखूड दाव्यानं पक्का बांधा, म्होरकी दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, शिंगाच्या समोर तोंड नेऊ नका. टोकांना शेंब्या बसवा. पोरांना लांब ठेवा.

बैल आपला लक्ष्मीच आहे. त्याचा सण डोळे भरून पाहायचा, तर डोळा जपलाच पाहिजे.