आधी पडायला शिका

चाळिशी उलटल्यावर मी ज्यूदो मंडळात नाव घातले. वाटले, पहिल्याच दिवशी डाव शिकवतील. छे! आठवडाभर शिकवले ते पडायला. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि हात चटईवर सपकन आपटायचा. म्हणजे डोके वाचते. विद्यार्थ्यांदेखत पडायची मला लाज वाटे.

जिगोरो कानो हे स्वतः शिक्षक. त्यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात अवघ्या बारा चटयांवर ही विद्या शिकवायला आरंभ केला. आपल्या तालमीत माती, तिथे चटई, एवढाच फरक.

पडायची भीती गेली, तेव्हा कुठे माझे पाय मोकळे झाले. गुरुजनहो, वर्गातले मूल चुकायला असेच भिते. त्याला आधी निर्धास्त चुकू द्या.