बालकांची वाचा आणि घरातील हातकाम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



एकेंद्रिय जीवाला केवळ स्पर्शेंद्रिय असते. रसना आणि वचनबल द्वींद्रियापासून पुढे लाभतात, हे पाठशाळेतील मुलेही सांगतात. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी व सुंदरीला डाव्या हाताने अंकविद्या शिकविली, अशी परंपरा आहे. हा धर्मविचार म्हणजे बालविकासाचे शास्त्र नव्हे. परंतु स्पर्श आधी, वाचा नंतर, हा क्रम उशिरा बोलणाऱ्या बालकांच्या उपचारातही प्रत्ययास येतो. जाना आयव्हर्सन व सुसान गोल्डिन-मेडो यांच्या २००५ च्या अभ्यासात, बोट दाखवून त्याला एखादा शब्द जोडणारी बालकेच पुढे दोन शब्द आधी जोडू लागल्याचे दिसले.

वाचा-उपचाराची भेट आठवड्यातून तासाभराची. मुलुंड-घाटकोपरहून वांद्र्याला जायचे तर दादरला गाडी बदलण्यातच निम्मा दिवस सरतो. उरलेले सहा दिवस घराचे असतात.

धान्य निवडणे हे जैन घरातील जयणेचे नित्यकर्म. आजीने ताटात मूग पसरावेत, नातवाला शेजारी बसवावे आणि तो ज्याला हात लावील त्याचेच नाव घ्यावे : "खडा. खडा बाहेर!" मग थांबावे. मनात पाच अंक मोजण्याइतके थांबणे मोठ्यांना फार जड जाते, आणि उपचाराचा गाभा तर तोच आहे. बालक "डा" म्हणाले, तर "नीट म्हण" असे न दटावता "हो, खडा. काळा खडा," असे म्हणून शब्द वाढवून परत द्यावा. नुसता पाठ घेतला तर तिसऱ्या वेळी कंटाळणारे मूल हात गुंतले की तोच शब्द वीस वेळा आनंदाने ऐकते. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र दाणे देऊ नयेत, ते नाकात वा घशात जातात. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा उत्तम. दाब, लाट, गोल, चिकट असे किती शब्द त्यात दडले आहेत! मंदिरातील अक्षतांचा स्वस्तिक, त्यावरील तीन ढिगल्या व चंद्रकोर यांतून वर, खाली, एक, अजून हे शब्द सहज येतात. शिट्ट्या व फुगे फुंकून उच्चार सुधारतात, हा समज मात्र संशोधनात टिकलेला नाही.

गुजराती, कच्छी वा मारवाडी घरात, मराठी शेजारात आणि इंग्रजी शाळेत, म्हणून मूल बोलत नाही, असे सांगून घरची भाषा बंद करविली जाते. अनेक भाषांमुळे वाचादोष उद्भवत नाही. आजीची भाषा तोडली तर मुलाचे बोलणे ऐकणारे माणूसच कमी होते.

"याचे वडीलही उशिराच बोलले," या समाधानात मोलाची वर्षे जातात. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर प्रथम श्रवणतपासणी करावी. बेरा तपासणी मूल झोपेत असतानाही होते. या विषयाचे शिक्षण मुंबईत नायर रुग्णालयात मिळते. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

पाठशाळेच्या वार्षिक समारंभात गाथा म्हणणाऱ्यांना बक्षिसे मिळतात आणि न बोलणारे मूल घरीच ठेवले जाते. "म्हणून दाखव" या आग्रहाने ते अधिकच मिटते. त्याला पुढच्या पाटावर बसवावे, अक्षतांची वाटी हाती द्यावी आणि स्वस्तिक पूर्ण होईपर्यंत कोणीही घाई करू नये. त्या वेळी ते एखादा शब्द बोलेल, कदाचित बोलणारही नाही. पुढील रविवारी वाटी पुन्हा त्याच्याच हाती असावी.