राखून ठेवलेली हार

आमच्या इंदापूर-बारामतीकडे तालमीतल्या वस्तादाबद्दल एक बोलणं आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक मात्र स्वतःजवळ राखून ठेवतो. क्रिकेटमधल्या एका वस्तादांनी तेवीस वर्षं एक हार राखून ठेवली होती. ते म्हणजे चंद्रकांत पंडित.

आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेला मुंबईचा हा यष्टिरक्षक १९८६ मध्ये लीड्सला पहिली कसोटी खेळला. पण तो काळ किरण मोरे यांचा. पाच कसोट्या, छत्तीस एकदिवसीय सामने, एवढ्यावरच पंडितांची कारकीर्द आटोपली. पुढे ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले आणि १९९९ मध्ये कर्णधार म्हणून रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचले. मैदान बेंगळुरूचं चिन्नास्वामी, समोर कर्नाटक. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळालेली. सामना नुसता अनिर्णित ठेवला असता तरी करंडक हाती होता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली. त्यात मला फारसं नवल वाटत नाही. मुंबईला जिंकायची सवयच होती. नवल विदर्भाचं. ज्या संघानं तोवर अंतिम फेरीही पाहिली नव्हती, त्यानं २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा करंडक नेला!

मग पंडित मध्य प्रदेशाकडे परतले. शिस्त अशी, की कर्णधार आदित्य श्रीवास्तवला लग्नासाठी रजा मिळाली ती दोन दिवसांची. घरच्यांनी काय म्हटलं असेल, देव जाणे. जून २०२२ मध्ये अंतिम सामना आला तो नेमका चिन्नास्वामीवर, आणि समोर पंडितांची मुंबई, एकेचाळीस वेळची विजेती. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार या तिघांनी शतकं ठोकली. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं आणि हा कडक माणूस रडला.

हीच शिस्त आयपीएलमध्ये काहींना जाचली. कोलकात्याच्या संघातल्या डेव्हिड व्हिजा या परदेशी खेळाडूनं पुढे ते उघड बोलूनही दाखवलं. तरी २०२४ मध्ये तो संघ विजेता ठरला. पुढच्या वर्षी आठवा आला आणि पंडित पायउतार झाले. मला वाटतं, त्यांचा धाक लागू पडतो तो ज्यांना अजून काही मिळालेलं नाही, अशा पोरांना. कोट्यवधींना विकत घेतलेल्या खेळाडूला दोन दिवसांची रजा कोण सांगणार?

२०२४-२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. तेव्हा पंडित तिथे नव्हते. प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी. आपल्या महाराष्ट्र संघानं हा करंडक उचलला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली. २०१४ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली होती, कर्नाटकाविरुद्धच. तीही हार कुणीतरी राखून ठेवली असेल.