तिशीतलं चालणं आणि साठीतला मेंदू



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि दिवसाचे नऊ तास खुर्चीवर बसून काम करतो. तरी आज रक्तदाबावर बोलणार आहे. औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम आहे, पण रक्तदाब वाढायला सुरुवात होते ती त्याच्या कितीतरी वर्षं आधी, आपल्या घरात आणि ऑफिसात.

आपल्या वयात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘मी तर बारीक आहे, मला काय होणार?’ त्याचं उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे उंची-वजनाच्या हिशेबात दोघंही ठीक. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम मात्र सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत ती गाठणं, असं त्यात गमतीनं लिहिलं होतं. एवढा फरक फक्त व्यायामामुळे पडला, असा त्यांचा दावा नव्हता. पण बारीक दिसणं म्हणजे निरोगी असणं नव्हे, हे त्यातून स्पष्ट झालं. आयटी कंपनीत काम करणाऱ्यांनी ते लिफ्टचं वाक्य लक्षात ठेवावं.

आता रक्तवाहिन्यांकडे येऊ. आपण त्यांना नळासारखं समजतो, पण त्या जिवंत असतात. त्यांच्या आतल्या बाजूला पेशींचं एक पातळ अस्तर असतं. आपण भरभर चालू लागलो की रक्ताचा वेग वाढतो, त्याचं घर्षण या अस्तराला जाणवतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्यानं वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल होतात आणि वाहिनी रुंदावते. नायट्रिक ऑक्साइडचं हे काम शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. रोज चालणाऱ्या माणसात या अस्तराला सराव होत राहतो. वर्षानुवर्षं बसून राहिलं तर ते मंदावतं, वाहिन्या ताठर होत जातात आणि दाब वाढतो. वाढलेला दाब त्याच अस्तराला आणखी इजा करतो.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार जाऊ लागला की डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बहुतेकांना त्याचं काहीच लक्षण जाणवत नाही, म्हणून मोजणं हाच उपाय. उच्च रक्तदाब असलेल्यांनी नियमित भरभर चालण्यासारखा व्यायाम केला तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरतो. मात्र चालायला लागलो म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. रमजानमध्ये गोळीची वेळ कशी बदलायची, हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

याचा मेंदूशी काय संबंध? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. तो पोहोचवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात आणि वाढलेला दाब त्यांना सोसत नाही. माझी नानी नावं विसरू लागली, तेव्हा घरात सगळे म्हणाले, ‘वय झालं.’ तपासणीत दिसलं ते बारीक वाहिन्यांचं नुकसान आणि त्यामागे कधीच न मोजलेला रक्तदाब.

अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटं चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवण्याच्या कामातला भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. ज्यांनी फक्त शरीर ताणण्याचे हलके व्यायाम केले, त्यांच्यात तो घटला. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. मध्यमवयातला उच्च रक्तदाब आणि व्यायामाचा अभाव ही दोन्ही त्यात आहेत.

मग चालायला हवं, हे सगळ्यांना पटतं. पण चालायला मिळतं कोणाला? सकाळी तळजईला किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बघा, आपल्या वस्तीतल्या किती बायका दिसतात? मी अम्मीला चालायला चल म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, ‘इस उमर में जूते पहनके घूमूँ? लोग क्या बोलेंगे?’ घरकाम हे श्रमच आहेत, पण थोडा दम लागेल असं सलग चालणं त्यात क्वचितच होतं. आणि ‘लोक’ म्हणजे कोण? बहुतेक वेळा आपणच, गल्लीच्या तोंडाशी बसलेले. पाच वक्त नमाज पढतो, तेवढा व्यायाम पुरे, असंही काही जण म्हणतात. नमाज इबादत आहे, तिला व्यायामाच्या तराजूत कशाला घालायचं? मशिदीपर्यंत गाडी न काढता चालत गेलात, तर तो व्यायाम.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. फी नाही, जिम नाही. एवढं करू या: घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब या महिन्यात मोजायचा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं. अम्मी, बहीण, बायको यांचा अर्धा तास मोकळा व्हावा म्हणून त्या वेळेतलं घरातलं काम आपण उचलायचं. आणि फुटपाथवर उभ्या दुचाक्या, बागेतले बंद दिवे यांसाठी नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जायचं, मोहल्ल्यातल्या बायकांच्या सह्यांसकट. माझ्या अम्मीनं त्यावर सही करायचं कबूल केलं आहे. बूटही घेतले आहेत.