बाणाचा शेवटचा हात



देवास-धारच्या या शारदीय व्याख्यानमालेत माझ्या वाट्याचं पुष्प गुंफताना विषयही मी शरदातल्या 'शर' या अक्षरांचाच घेतला आहे. संस्कृतात 'शर' म्हणजे बाण, आणि 'शर' म्हणजेच पाणथळ काठाला वाढणारं उंच, ताठ गवत. बाणाला नाव मिळालं ते लोखंडी टोकावरून नव्हे, काडीवरून. आपण मात्र बाण हातात घेतला की आधी टोक बघतो. आज मी काडीबद्दल बोलणार आहे, आणि तेही ती घडून झाल्यावर तिच्यावर फिरणाऱ्या शेवटच्या हाताबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की बाण टिकतो तो या शेवटच्या हातामुळे.

हा विषय आपल्या अंगणातलाच आहे. धार जिल्ह्यात कुक्षी, डही, गंधवानी या भागांत भिल्ल आणि भिलाला समाजाची दाट वस्ती आहे. 'भिल्ल' हा शब्दच धनुष्यवाचक द्राविडी शब्दापासून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. होळीच्या आधी भगोरियाचे बाजार भरतात, तिथे तीर-कामठी दिसते. कामठी म्हणजे बांबूचं धनुष्य. आपल्या मराठीतला कामठा तोच. नीमचला जन्मलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 साली भीमबेटका जगापुढे आणलं. तिथल्या खडकांवरही धनुर्धारी रंगवलेले आहेत. इतकी जुनी ही विद्या आपल्या शेजारी नांदते आहे.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कुक्षीकडच्या एका वृद्ध कारागिराकडे बसून मी सहा बाण केले. घरी आणून त्यांना तेल चोळलं आणि भिंतीला टेकवून ठेवले. आषाढ-श्रावण गेला, आणि सहांतल्या चार काड्या वाकल्या. त्या घेऊन मी पुन्हा त्या कारागीर बाबांकडे गेलो. त्यांनी टोकाकडे पाहिलंच नाही. बाण उलटा धरला, दोरी बसते त्या खाचेवर अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "अंगाला तेल पाजलंस, तोंड उघडंच ठेवलंस. इथून पाणी प्यायली ती."

या एका वाक्यात लाकडाचं सगळं शास्त्र आहे. लाकूड किंवा बांबू म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना त्याच नळ्यांतून पाणी वर चढतं. काडी कापली की नळ्यांची तोंडं दोन्ही टोकांना उघडी पडतात, म्हणून दमट हवेतला ओलावा अंगापेक्षा टोकांतून कितीतरी वेगाने आत शिरतो. तो एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी मुरला, की एक बाजू फुगते आणि काडी वाकते. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात देवासला आले, ते इथल्या कोरड्या हवेसाठी. ही हवा लाकडालाही मानवते. पण पावसाळ्याचे चार महिने तीच हवा काडीची परीक्षा घेते.

म्हणून काम सुरू होतं कापणीपासून. धनुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत शर निवडण्याचे नियम आहेत : फार जाड नको, फार बारीक नको, कच्चा नको, वाईट जमिनीतला नको, पिकलेला, फिकट पिवळसर, वेळेवर काढलेला हवा. यात 'वेळेवर' हा शब्द मोलाचा आहे. कापणीची वेळ चुकली तर बांबूत पिष्ट जास्त राहतं आणि त्यावरच भुंगे पडतात. पावसाळा सरल्यावर कापलेला, सावलीत वाळवलेला आणि चुलीवरच्या धुरात राहिलेला बांबू टिकतो.

मग काडी निखाऱ्यावर शेकायची. उष्णतेने ती मऊ पडते. हलक्या हाताने सरळ करायची आणि निवेपर्यंत तशीच धरायची. एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकली की राहिलेला बाक दिसतो. बांबूची वरची साल गुळगुळीत आणि चिवट असते, ते निसर्गाने दिलेलं रोगणच. ती सोलू नये. फक्त पेरांवरचे उंचवटे घासावेत, आणि जिथे साल घासली गेली तिथे राखण जास्त द्यावी. काडी चिरलेल्या लाकडाची असेल तर ती सगळीच घासावी लागते. पॉलिश पेपर नव्हता तेव्हा प्राजक्ताची पानं लाकूड घासायला वापरत. त्या पानावरून एकदा बोट फिरवून बघा, म्हणजे कळेल. घासून झालं की ओलसर फडकं फिरवावं, तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा घासावेत.

आता राखणीचे तीन मार्ग. पहिला जवसाच्या तेलाचा. जवस आपल्या माळव्याचंच पीक. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं. म्हणून हात पातळ द्यावा, जास्तीचं पुसून काढावं आणि दुसऱ्या हाताआधी धीर धरावा. पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल घट्ट होताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

दुसरा मार्ग लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ही देणगी. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लावली की काही मिनिटांत वाळते, आणि ओलावा अडवण्यात ती तेलापेक्षा सरस ठरते. देवासला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यात, नर्मदाकाठी बुधनीला, खेळणी करणारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर चढते. तिसरा मार्ग मेणाचा. मेण सोपं खरं, पण ते एकटं पुरत नाही. तेलाच्या किंवा लाखेच्या वर शेवटी चोळायला उत्तम.

यात क्रम चुकवू नये. आधी दोन्ही टोकं : खाच आणि फाळ बसतो ते तोंड. तिथे दोन-तीन हात जास्तच द्यावेत. पिसं बसायच्या जागी तेल किंवा मेण लावू नये, डिंक धरत नाही. तिथे लाखेचा पातळ हात चालतो. पिसं एकाच बाजूच्या पंखातली हवीत, म्हणजे बाण एकाच दिशेने फिरत जातो. पिसं दोऱ्याने किंवा तातीने बांधल्यावर त्या बांधणीवरही लाख द्यावी, नाहीतर पहिल्या पावसात बांधणी सैल पडते.

बाण पुरा करण्याचं हे काम किती जुनं आहे, तेही पाहा. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याच्या भात्यात 14 काड्या होत्या. त्यांतल्या दोनच पूर्ण झालेल्या होत्या. त्यांची पिसं भूर्जाच्या डांबराने चिकटवून वर दोऱ्याने आवळलेली होती. बाकीच्या 12 अपुऱ्या राहिल्या. काडी मिळवणं आणि बाण पुरा करणं यांत किती अंतर असतं, ते त्या भात्यात दिसतं.

पवारांच्या निशाणाखाली मराठी माणूस अठराव्या शतकात धार-देवासला स्थिरावला. इतक्या वर्षांत आपण इथलं गाणं आपलंसं केलं, बोली आपलीशी केली. पण शेजारच्या या कारागिरांपाशी बसून काडी कधी कापायची, काय चोळायचं, कोणत्या टोकाला आधी, हे आपण फारसं विचारलं नाही. ग्रंथांत काही नियम आहेत, पण हे हाताचं ज्ञान लिहिलेलं नाही. ते म्हाताऱ्या बोटांत आहे. म्हणून या व्यासपीठाच्या चालकांना माझी विनंती आहे : पुढच्या शरदात या जागी माझ्यासारखा शिकाऊ माणूस उभा करू नका. ज्यांच्या हातून बाण घडतो त्यांनाच इथे सन्मानाने बोलवा, त्यांच्यापुढे एक कच्ची काडी ठेवा, आणि आपण सगळे खाली बसून बघू या.