यंत्राची मोजणी आणि मालकी

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न समाजवादी चळवळीने आरंभापासून विचारला. संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत त्याला दुसरा प्रश्न जोडावा लागतो : यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर कोणाचे?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यंत्रे स्वयंचलित करण्याचे दोन मार्ग पुढे आले. एकात कुशल कामगाराच्या हाताची हालचाल फितीवर नोंदवली जाई व यंत्र ती पुन्हा करी. दुसऱ्यात कामगाराऐवजी अभियंता आकड्यांत आज्ञा लिही. हवाई दलाच्या पैशावर वाढलेला दुसरा मार्ग विजयी झाला. नियंत्रण कामगाराकडून व्यवस्थापनाकडे नेण्याची ओढ या निवडीमागे होती, असे प्रतिपादन इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ साली ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात केले.

त्याच अमेरिकेत १९९० च्या दशकात एका सरकारी मानक संस्थेच्या कामातून ‘लिनक्ससीएनसी’ या मुक्त सॉफ्टवेअरचा उगम झाला. सार्वजनिक पैशातून झालेले काम सार्वजनिक राहिले. पुढे स्वयंसेवकांनी ते वाढवले. त्यात यंत्राचे घटक जणू अदृश्य तारांनी जोडलेले असतात. या तारांतून पूर्वी प्रामुख्याने चार प्रकारची माहिती वाहत असे : होय-नाही, दशांश संख्या, आणि ३२ बिटांचे चिन्हासह व चिन्हाविना पूर्णांक.

चिन्हासह असलेला ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. एका फेऱ्यात दहा हजार खुणा मोजणारा एन्कोडर मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या स्पिंडलवर बसवला, तर सुमारे ३६ मिनिटांत ही मर्यादा ओलांडली जाते आणि मोजणी एकाएकी ऋण होते. त्यावर तात्पुरते तोडगे निघतात. परंतु मूळ उपाय ६४ बिटांच्या पूर्णांकाचा. तो प्रकार पुढे लिनक्ससीएनसीत आला.

नव्या प्रकाराचे नाव लिहिणे एका ओळीचे काम आहे. परंतु आज्ञा देणारे, मूल्य दाखवणारे, आलेख काढणारे, नवे घटक तयार करणारे असे प्रत्येक साधन त्याला ओळखले पाहिजे. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांची संख्या दोन तुकड्यांत वाचली जाऊ शकते. मध्येच ती बदलली, तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खोटी संख्या हाती येते. सेकंदाला हजार वेळा निर्णय घेणाऱ्या यंत्रात अशी चूक हत्यार मोडते, प्रसंगी कामगाराला जखमी करते. शिवाय जुन्या यंत्रांची जुळणीही बिघडता कामा नये.

बंदिस्त सॉफ्टवेअर घेणाऱ्याला अशा बदलासाठी कंपनीची मर्जी सांभाळावी लागते. मुक्त सॉफ्टवेअर बदलाचा हक्क देते. पण परवाना क्षमता देत नाही. तो बदल वाचणारे, तपासणारे आणि वर्षानुवर्षे सांभाळणारे हात मूठभरच राहिले, तर सामाईक मालकी कागदावरच राहील.

म्हणून कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणीही तितक्याच आग्रहाने धरली पाहिजे. यंत्राची मोजणी ज्याला उमगते, तोच त्याच्या मालकीचा हिशेब मागू शकतो.