संशोधनालाही पैसे मिळतात, हे घरात कोण सांगणार?



कार्यकारिणीने मला कला शाखेतील संशोधनाच्या संधी या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी प्राध्यापक नाही, डॉक्टरेट तर दूरच. बँकेत क्लार्क आहे, काउंटरवर बसतो. त्यावर आपले सचिव म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. पैशाचे तुम्हाला कळते."

२००१ साली मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. एम.ए. करावे, पुढे पालीचा अभ्यास करावा असे मनात होते. वडील निवृत्तीला टेकलेले. घरात एकच प्रश्न होता : अजून सहा-सात वर्षे शिकशील, पण खाणार काय? मी बँकेची परीक्षा दिली आणि लागलो. त्याची खंत सांगायला मी उभा नाही. त्या पगारावर घर चालले. पण विद्यापीठ अनुदान आयोगाची ज्युनियर रिसर्च फेलोशिप त्या वेळीही होती. तिचे नाव मी प्रथम वाचले ते नोकरीत चार वर्षे झाल्यावर, काउंटरवर आलेल्या एका मुलाच्या अर्जात. माझ्याच वयाचा होता. इतिहासात संशोधन करीत होता आणि त्याला त्याचे दरमहा पैसे मिळत होते. मी अर्ज दोनदा वाचला.

तेव्हा जे मला कोणी सांगितले नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

नेट परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रासाठी होते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येते. एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात, आपल्या मुलांना ५०. वयाची अट ३० वर्षांची आहे, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि सर्व महिलांना पाच वर्षांची सवलत. दोन पेपर, १५० प्रश्न, तीन तास. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. विषयांत मराठी आहे, पाली आहे, बौद्ध-जैन-गांधीवादी व शांतता अध्ययन असाही एक विषय आहे. फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये, आणि शहराप्रमाणे घरभाडे वेगळे. मी हा आकडा एका वस्तीत सांगितला, तर एका आजीने विचारले, "नुसतं वाचायचे?" मी म्हटले, वाचायचे आणि लिहायचेसुद्धा.

फेलोशिप थोडक्यात हुकली तरी अर्ज टाकून देऊ नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २००५-०६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. तीच आता राष्ट्रीय फेलोशिप म्हणून ओळखली जाते आणि तिची निवडही नेटच्या गुणांवरून होते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळतात, पण त्यासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो आजच काढून ठेवा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तहसील कचेरी तुमच्यासाठी धावत नाही. याशिवाय पुण्याच्या बार्टीची फेलोशिप आहे. तिच्यासाठी २०२३ मध्ये आपल्याच मुलांना आझाद मैदानात धरणे धरून बसावे लागले, हेही सांगितले पाहिजे. योजना कागदावर असणे आणि पैसे खात्यात येणे यांत अंतर असते.

हे अंतर बाबासाहेबांनीही सोसले. १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० मध्ये पुन्हा जाता आले. प्रबंध अडला होता तो बुद्धीने नव्हे, पैशाने. आपण जयंतीला त्यांच्या पदव्या मोजतो; मधली ही तीन वर्षेही मोजावीत.

परदेशाचे बोलायचे तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. पण २०२२ मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबियात बाबासाहेबांनी निबंध वाचला तो भारतातील जातींवर. या नियमाखाली तो विषय बसला नसता. यावर मी अधिक बोलत नाही, तुम्ही सुज्ञ आहात. विषय ठरवण्याआधी त्या वर्षीची नियमावली मात्र शब्दन् शब्द वाचा.

आता माझ्या हद्दीतले. एक मुलगी दर सोमवारी पासबुक छापायला येई. मी छापून देई, नवी ओळ नसे. सात महिने. खानावळीचे पैसे थकले होते, मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती. शेवटी मी विचारले, तेव्हा कळले की विभागाने दरमहा हजेरीची खातरजमा पोर्टलवर करायची असते, तीच झाली नव्हती. तिला वाटे, बँकेत अडकले. म्हणून सांगतो, महिना संपला की आधी विभागाच्या कचेरीत जा, मग बँकेत या. खात्याला आधार जोडलेले आहे का पाहा. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते. आणि पुरेशी कागदपत्रे न देता उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा घेता येत नाही. सहा महिन्यांची थकबाकी एकदम आली तर ती दोन लाखांच्या वर जाते. केवायसी पूर्ण करा. एवढ्याशा गोष्टीवरून आलेली रक्कम परत गेलेली मी पाहिली आहे.

नोकरीत असणाऱ्यांसाठी २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट ठेवली आहे, मालकाचे ना-हरकत पत्र लागते. फेलोशिप मात्र त्यात धरू नका. पदवीनंतरही मार्ग आहेत : आयोगाची आणि सामाजिक शास्त्रांच्या राष्ट्रीय परिषदेची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, शिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेची फेलोशिप. जागा थोड्या असतात. प्राध्यापकाची कायम नोकरी लगेच मिळेल असे मी कोणाला सांगणार नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे डॉक्टर माझ्याकडे कर्ज मागायला येतात.

माझी पुतणी यंदा पाली घेऊन एम.ए. झाली. परवा दादा मला म्हणाले, "तू बँकेत आहेस, तिलाही परीक्षेची पुस्तके आणून दे." ती दाराशी उभी राहून ऐकत होती. मी दादांना म्हटले, आधी डिसेंबरची नेट देऊ द्या, फी मी भरतो. दादा काही बोलले नाहीत. रात्री तिने विचारले, "काका, पहिल्या पेपरात गणित असते का?" थोडे असते, मी म्हटले. रविवारपासून ती माझ्याकडे शिकवणीला येते आहे. आणखी कोणाला यायचे असेल तर सकाळी नऊला या, माझ्याकडे खुर्च्या चारच आहेत, पण सतरंजी मोठी आहे.

जयभीम.